हद्दीबाहेरचा धूर

हे लिहायला बसण्याआधी माफी मागायला हवी, पण नेमकी कोणाची, हे ठरत नव्हतं म्हणून बरेच दिवस गेले. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी जाडजूड अहवाल लिहिले आहेत. मी त्या अहवालांसाठी रस्त्याच्या कडेला उभा राहून गाड्या मोजणारा विद्यार्थी होतो, एवढाच माझा अधिकार. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते डंपरच्या मागच्या फळीवर. वर 'गावदेवी प्रसन्न', खाली 'अंतर ठेवा', आणि तेही पैसे देऊन रंगाऱ्याकडून. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं कळतं असं घरी वाटतं. कॉलेजात तसं कोणाला वाटत नाही. वाचणाऱ्याने कॉलेजचं मत धरून चालावं.

कोणाचंही नाव लिहिणार नाही. गावात वाचलं तर सगळ्यांना कळेलच, आणि शहरात कळून कोणाला फरक पडणार नाही.

आमचं गाव पनवेलकडे, विचुंब्याच्या जवळ, अगदी शहराच्या हद्दीला चिकटून. आमची बरीचशी जमीन माझ्या जन्माआधीच शहर वसवण्यासाठी गेली. तिच्या मोबदल्यातून वडिलांनी पुढे एक जुना डंपर घेतला. म्हणजे शेत गेलं आणि त्या बदल्यात शेतं बुजवायचं साधन आलं. डोंगर फोडून काढलेला मुरूम डंपरमध्ये भरायचा आणि खाडीकडच्या सखल जमिनीत ओतायचा, त्याला भराव म्हणतात. भरावावर इमारती उभ्या राहतात. लहानपणी मला वाटायचं की बाबा जमीन बनवतात. मी शाळेत तसं सांगितलंही होतं.

आमच्या भागात या कामाची एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडायची हिंमत कोणी करत नाही. ज्या गावाची हद्द, त्या गावाचा डंपर. बाहेरच्या गाडीने माल आणायचा तो शिवेपर्यंत. शिवेवर ढीग ओतायचा. मग जेसीबीने तोच ढीग गावातल्या डंपरमध्ये भरायचा आणि गावातल्या डंपरने तो पुढे न्यायचा, मग ते पुढचं ठिकाण शंभर पावलांवर का असेना. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटतं. पण जमिनी गेल्यावर आमच्या लोकांकडे उरलेला हक्क एवढाच आहे, की आमच्या मातीवर दुसऱ्याची माती आमच्याच गाडीतून पडेल. शहरात मात्र ही रीत नाही. तिथे कोणाचीही गाडी चालते. शहराला आपलं म्हणून हक्क सांगायला कोणी पुढे येत नाही, त्याचा हा फायदा.

मी अर्थशास्त्र घेतलं होतं. दुसऱ्या वर्षाला कॉलेजने काही मुलांना प्रकल्पासाठी खांदा कॉलनीतल्या एका कार्यालयात पाठवलं. तिथे शहराच्या कार्बनचा हिशेब चालला होता. कुठून किती धूर निघतो, गाड्यांचा किती, विजेचा किती, कचऱ्याचा किती. हे काम बघणाऱ्या मॅडम पुण्याच्या. फार प्रामाणिक बाई. पंखा लावतानासुद्धा त्या आधी विचार करत.

त्याच मजल्यावर, काचेच्या पार्टिशनच्या पलीकडे, दुसरं एक काम चालायचं. राज्याची अर्थव्यवस्था किती मोठी करायची हे सरकारने ठरवलेलं आहे. तो आकडा इतका मोठा आहे की वाचताना शून्यं बोटाने धरावी लागतात. त्यातला थोडा वाटा प्रत्येक जिल्ह्याने उचलायचा, जिल्ह्यातला थोडा शहराने. त्या वाट्याचा आराखडा पलीकडचे सर बनवत. ते जाड, हसरे, कोणालाही चहा पाजणारे. दोन्ही खोल्यांत मिळून प्रिंटर एकच होता, आणि तो मधल्या दाराशी ठेवलेला.

एक दिवस मॅडमनी मला प्रिंटरवरचा कागद आणायला सांगितलं. शहरातल्या पंपांवर किती डिझेल विकलं गेलं, त्याचा तक्ता होता. मी उचलला तेवढ्यात सरांनी पलीकडून हात पुढे केला.

"अरे, तो माझा आहे."

"सर, मॅडमनी डिझेलचा तक्ता मागितलाय."

"मीही डिझेलचाच मागवलाय."

बघितलं तर प्रिंटरमधून दोन प्रती आल्या होत्या. आकडे तेच. दोघांनी आपापल्या टेबलावर नेऊन त्यांवर बाण काढले. डिझेलची विक्री वाढली म्हणजे वाहतूक वाढली, बांधकाम वाढलं, म्हणून सरांनी हिरव्या पेनाने वर जाणारा बाण काढला. डिझेल वाढलं म्हणजे धूर वाढला, म्हणून मॅडमनी लाल पेनाने. बाणही दोन्हीकडे सारखाच, वर जाणारा.

"मॅडम," सर काचेवर टकटक करून म्हणाले, "तुमचं दुःख ते आमचं सुख."

"तुमचं सुख कमी करायलाच मला नेमलंय, सर."

"करा की. फक्त बांधकामाला हात लावू नका. वीज कमी केलेली चालणार नाही. गोदामं तर वाढवायचीच आहेत. बाकी जे उरेल त्यात काय वाट्टेल ते कमी करा."

मॅडम हसल्या नाहीत. मी हसलो, कारण मला वाटलं सरांनी विनोद केला. नंतर कळलं की त्या दिवशी बैठकीत हेच ठरलं होतं.

घरी आल्यावर मी हे सगळं बाबांना सांगितलं. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात. पहिल्या वर्षाला असताना मी एकदा 'अहो बाबा' म्हणून पाहिलं होतं, तर त्यांनी दचकून विचारलं होतं, "कोन मेला कं काय?" तेव्हापासून घरात मी पूर्वीसारखाच बोलतो.

"म्हंजे बघ," बाबा म्हणाले, "मी गाडी चालू केली की एका खोलीत हलद आनि दुसऱ्या खोलीत सुतक?"

"तसंच काहीसं."

"आनि गाडी बंद ठेवली तर?"

"तर उलट."

"आनि आपल्या घरात?"

उत्तर आईने दिलं. "आपल्या घरात दोनी वेलेला मीच सैपाक करनार," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

काही महिन्यांनी नियम आला. जुन्या डिझेलच्या अवजड गाड्यांनी शहराच्या हद्दीत यायचं नाही. सरांनी आखून दिलेल्या गोष्टी वगळल्यावर कमी करण्यासारखं जे उरलं होतं, ते बहुधा एवढंच होतं. मला ते घरच्यांच्या आधी कळलं, कारण नियमाच्या मसुद्यातलं शुद्धलेखन तपासायला मॅडमनी मलाच दिलं होतं. 'अवजड' या शब्दावर माझी नजर अडकली ती पुढे सरकेना. बाबांचा डंपर जुना होता. घेतला तेव्हाच तो जुना होता. नवा घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि त्यांचं जवळजवळ सगळं काम शहरातल्या भरावांवर. डंपर थांबला की घर थांबणार, इतकं सरळ होतं ते.

मी शुद्धलेखन तपासलं. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली.

बाबांनी ऐकून घेतलं आणि डंपर धुवायला घेतला. त्यांना काळजी वाटली की ते डंपर धुतात. मग आम्ही तो जुन्या पनवेलला त्यांच्या दोस्ताच्या गॅरेजमध्ये नेला. मी त्यांना चाचा म्हणतो. तरुणपणी ते आखातात होते, तिथे इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"चाचा, धूर कमी होईल?"

"भतीजे, धूर कमी होईल. उमर कशी कमी होईल?" आतून आवाज आला. "नियमात काय लिवलाय, धूर का उमर?"

"वय लिहिलंय."

"मग मी काय करू? हिला काला खिजाब लावू?"

बाबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. चाचांनी हात पुसत विचारलं, "आनि हद्दीच्या बाहेर चालेल?"

"बाहेर चालेल. नियम शहरापुरता आहे."

"वा! मी आखातात जेलो तर मला विसा लागला, मेडिकल लागला, दोन वेला परत धाडला. या धुराला काहीच लागत नाय. हितून उठला, तिकडे जेला. सुभानल्ला."

नियम लागू झाला त्या दिवशी मी घाबरत घाबरत घरातून निघालो. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर ओढ्यावर एक मोरी, म्हणजे छोटा पूल, आहे. तिच्यापाशी गावच्या शिवेचा दगड आहे, जत्रेच्या दिवशी त्याला नारळ देतात. नकाशात शहराची हद्दही तिथेच संपते. मला वाटलं होतं की मोरीपाशी पोलीस असतील, भांडणं असतील, जुने डंपर रांगेत उभे असतील आणि त्यांत बाबा मान खाली घालून बसलेले असतील.

प्रत्यक्षात तिथे एक ढीग होता. मुरुमाचा, चांगला उंच. गावातले जुने डंपर येत होते, शिवेच्या अलीकडे माल ओतत होते आणि वळून जात होते. पलीकडून नवे, चकचकीत डंपर येत होते. जेसीबी तोच माल त्यांच्यात भरत होता आणि ते शहरात जात होते. आरडाओरडा नाही, काही नाही. कोणी बैठक घेतली नव्हती की योजना आखली नव्हती. शिवेवर ढीग ओतायचा, पुढचं पुढच्याने बघायचं, हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. शहराने इतक्या वर्षांनी आमची रीत पाळली, असंच गावाला वाटलं. एका म्हाताऱ्याने तर त्या दिवशी शिवेच्या दगडाला नारळसुद्धा दिला.

बाबा खुशीत होते. "बघ," ते केबिनमधून ओरडले, "तुजा नियम चांगला हाय!"

आता त्यांच्या खेपा वाढल्या. पूर्वी डोंगराकडून भरावापर्यंत एक डंपर जायचा. आता अर्ध्या वाटेवर माल उतरायचा, पुन्हा भरायचा, दोन गाड्या, मध्ये एक जेसीबी. तो जेसीबी दिवसभर बंद होत नसे, कारण पुढची गाडी कधी येईल याचा नेम नाही. शिवाय डोंगराकडून गावात यायचा सरळ रस्ता मध्येच थोडासा शहराच्या हद्दीतून जातो. म्हणून जुन्या डंपरांना लांबून, टेकडीला वळसा घालून यावं लागे. बाबा पूर्वीपेक्षा जास्त डिझेल भरू लागले. तेही हद्दीबाहेरच्या पंपावर.

आणि मला मॅडमनी गाड्या मोजायला कुठे उभं केलं? त्याच मोरीवर. हद्दीत शिरणाऱ्या अवजड गाड्या मोजायच्या, जुन्या वेगळ्या, नव्या वेगळ्या. मी मोरीच्या शहराकडच्या कठड्याला टेकून उभा राहायचो, पलीकडच्या कठड्यापाशी बाबा हौदा उचलून मुरूम ओतायचे. मध्ये धूळ. जुन्या गाड्यांच्या रकान्यात मी शून्य लिहायचो.

"मला मांडला कं?" बाबा विचारायचे.

"नाय. तू हद्दीच्या बाहेर आहेस."

"आयला, एवढा मोटा डंपर, आनि दिसत नाय तुला?"

"दिसतो. मोजता येत नाय."

बाबांना याची फार मजा वाटायची. ते घरी येऊन आईला सांगायचे, "आज पन पोराला मी दिसलो नाय."

आईला मजा वाटत नव्हती. ढीग आमच्या मागच्या पडवीतून दिसायचा. वाळत घातलेले कपडे लाल व्हायचे, सुकट वाळवली तर ती चावताना कचकच करायची. "सरकारला विचार," ती मला म्हणायची, "ही धूल कंच्या हद्दीत मोडते. माज्या घरात तर रोज येते." शेवटी खिडक्या कायमच्या बंद केल्या. बंद घरात उकडायला लागलं, तेव्हा बाबांनी हप्त्यावर एसी आणला. वाढलेल्या खेपांच्या जोरावर. आमच्या घरातला पहिला एसी. आईने त्याला हळदकुंकू लावलं आणि रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.

हे मी सरांना सहज सांगितलं तर ते खुर्चीत पुढे झाले. "हेच! हेच तर मी लोकांना सांगतो. विकास खालपर्यंत झिरपतो."

"सर, पण तो धुळीमुळे..."

"कशामुळे का असेना. झिरपला ना?"

वर्ष संपत आलं तसा मॅडमचा अहवाल तयार होऊ लागला. शहराच्या हद्दीतला गाड्यांचा धूर कमी झाला होता. माझी शून्यंही त्यात होती. मॅडम खूश होत्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं की अहवालात विद्यार्थ्याचं म्हणून एक छोटं निरीक्षण घ्यायचं आहे, एखादा परिच्छेद, जे पाहिलं ते लिही.

जे पाहिलं ते लिहायचं तर ढिगाबद्दल लिहावं लागणार होतं. दुसरं मी काही पाहिलंच नव्हतं. आणि ढिगाबद्दल लिहिलं आणि कोणी ते गंभीरपणे घेतलं, तर ढीग बंद होणार होता. म्हणजे बाबांचा डंपर.

मी कॉलेजात गेलो तेव्हा कोणी मला हे सांगितलं नव्हतं, की शिकलेली गोष्ट पहिल्यांदा खरी वापरायची वेळ येईल ती आपल्याच घरावर. एका दुपारी मी मोजणी संपवून मोरी ओलांडली आणि बाबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. पुढे दोन डंपर होते. बाबा डबा खात होते.

"मला ढिगाविषयी लिहायचंय."

"लिव."

"लिहिलं तर ढीग बंद होईल, बाबा. कदाचित."

त्यांनी घास थांबवला. "कवा?"

"माहीत नाय. कदाचित होणार पण नाय. कोणी वाचणार पण नाय."

"आनि नाय लिवलं तर?"

"तर शहराचा धूर कमी झाला असं छापून येईल."

"झाला ना कमी. तिकडं." त्यांनी भाकरीच्या तुकड्याने मोरीपलीकडे दाखवलं. "हिकडं आलाय तो."

"तेच लिहायचंय."

पुढचा डंपर सरकला. बाबांनी डबा मांडीवर तसाच ठेवून गाडी पुढे घेतली. पुन्हा थांबल्यावर म्हणाले, "खरं हाय कं ते?"

"हो."

"मंग मला कशाला विचारतो? खोटं लिवाला काय कॉलेजला धाडला तुला? खोटं तर मी बिनशिकता पन लिवला असता." मग डब्याचं झाकण लावत, "पन एक कर. खाडाखोड करू नको. बापानं लिवलंय असं वाटंल."

मी परिच्छेद लिहिला. खाडाखोड न करता, म्हणजे कित्येकदा कच्चा लिहून मग शेवटचा. त्यात मी लिहिलं, की हद्दीतला धूर कमी झाला हे खरं आहे, पण तीच माती आता दोनदा भरली जाते, लांबून आणली जाते आणि मोरीच्या अलीकडे ओतली जाते, आणि मोजणारा मोरीच्या पलीकडे उभा असतो. मोजणारा मीच, हे लिहिलं नाही.

मॅडमनी तो उभ्यानेच वाचला आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. "हे मला दिसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी एक शब्दही न बदलता तो अहवालात घातला. वरून मसुदा परत आला तेव्हा त्या परिच्छेदावर काट मारलेली होती आणि बाजूला शेरा होता: विषय हद्दीबाहेरचा.

मॅडमना वाईट वाटलं. मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटलं. पण परिच्छेद वाया गेला नाही. सर काचेपलीकडून आले.

"तू लिहिलंस हे? झकास. मी घेतो."

"सर, ते धुराबद्दल आहे."

"अरे, एकच माल दोन गाड्यांतून जातोय. म्हणजे वाहतूक दुप्पट, लोडिंगचं काम वेगळं. ढिगाजवळ चहाच्या टपऱ्या लागल्यात की नाही?"

"दोन लागल्यात."

"बघ. तू धूर बघत बसलास."

अशा रीतीने माझा परिच्छेद वाढीच्या आराखड्यात गेला, धूर वगळून. पुढे एका सभागृहात कार्यक्रम झाला. शहराने दोन्ही उद्दिष्टं गाठली म्हणून सर आणि मॅडम दोघांनाही एकाच मंचावर रोपं दिली. दोघांची रोपं एसीत चांगली टिकली.

मी तिसऱ्या वर्षात गेलो. ढीग चालू होता, डंपर चालू होता. मला वाटू लागलं होतं की आता हे असंच राहणार. मग एक दिवस सरांचा फोन आला.

"अभिनंदन! तुझा परिच्छेद वरती कोणीतरी वाचला, बरं का. आमच्या आराखड्यात नाही, तुमच्या त्या काट मारलेल्या मसुद्यात."

"मग?"

"मग काय, विषय हद्दीबाहेरचा आहे ना? हद्दच पुढे सरकवतायत. तुमचं गाव शहरात येतंय. मलाही जागा हवीच होती, गोदामांना. मॅडमनाही धूर मोजायला मिळेल. पहिल्या वर्षी मिळेल तेवढा मोजा म्हणाव. जितका जास्त निघेल तितकं चांगलं, पुढच्या वर्षी तिथूनच कमी झालेला दाखवायचा."

गाव शहरात आलं. त्याचे पेढे वाटले गेले. आमच्याही घरी आले. बाबांनी एक खाल्ला आणि डंपर धुवायला घेतला. आता आमच्या अंगणातच तो नियमाच्या आत आला होता. स्वतःच्या दारात तो चालू करणंसुद्धा नियमात बसत नव्हतं. ढीग नव्या हद्दीवर गेला, टेकडीच्या पलीकडे, माझ्या आत्याच्या सासरच्या गावाला लागून. मोरीपाशी दोन टपऱ्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. आईने खिडक्या उघडल्या. ती म्हणाली, "हवा बरी येते आता," आणि मग बाबांकडे बघून एक खिडकी पुन्हा ओढून घेतली.

डंपर बरेच दिवस उभा राहिला. बाबा सकाळी त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसायचे, काच पुसायचे, उतरायचे. मला त्यांनी एकदाही काही बोलून दाखवलं नाही. उलट शेजाऱ्यांना सांगायचे, "पोराचं लिवलेलं पार वरपर्यंत जेलं." त्यांच्या आवाजात खरोखरच अभिमान होता. तोच मला सहन होत नसे.

शेवटी त्यांनी डंपर दुसऱ्या गाडीला बांधून, ओढत आत्याच्या दारात नेऊन लावला. हद्दीच्या बाहेर. पण तिथे आमचीच रीत आडवी आली. ज्या गावाची हद्द, त्या गावाचा डंपर. त्या गावाने स्पष्ट सांगितलं की सुनेचा भाऊ म्हणजे पाहुणा, पाहुण्याने जेवावं, खेप मारू नये. बाबांना वाद घालता येईना. बाहेरच्या गाड्या शिवेवर अडवायला आमच्या गावात पुढे तेच असायचे.

त्या गावच्या देवळात बैठक ठरली. डंपर त्या गावाचा मानायचा की नाही, एवढाच विषय. बाबा तिथे बाहेर, पारावर बसणार होते. मी त्या दिवशी नव्या हद्दीवर मोजणीला होतो. रकाने तेच, मोरीऐवजी एक कमान होती. फोन हातातच धरून ठेवला होता. दुपार झाली, काही कळेना. ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला.

"जेवलास कं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, काय झालं ते सांग आधी."

"सांगतो. लय वेल बोलनी चालली. एक जन बोल्ला, गाडी सुनेच्या भावाची हाय, गावाची कशी? तं तुजी आत्या घुसली देवलात. बोल्ली, माज्या लग्नात माज्या बापाकडं रुखवत द्यायला काय नव्हतं. चार भांडी मांडली, तुमच्या बायका हसल्या. आज माज्या भावानं उरलेला रुखवत आनून दारात लावलाय. आता तो मानाचा कं नाय ते सांगा."

"मग?"

"मंग काय, म्हातारे हसाय लागले. एकानं उठून हौद्याला हलदकुकू लावलं." बाबांच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, आणि त्यात डंपरचं इंजिन चालू होतं. ते ओळखायला मला वेळ लागला नाही. "घेतला रं. रुखवत म्हनून घेतला. मागं त्यांच्या देवीचं नाव तेवडं लिवाय लागंल. उद्यापास्नं खेपा चालू. आनि तू भिऊ नको, पार भायेर हाय मी. तुज्या हद्दीच्या पार भायेर."